फळ्यावरचा जपान

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा आहे. त्यावर "उद्या पाणी येणार नाही"च्या डोक्यावर रोज जपानची एक बातमी असायची. लिहिणारे सोवनीकाका. सुरुवातीला ते मधोमध लिहीत, पाण्याची सूचना कोपऱ्यात जाई आणि लोक बादल्या न भरता झोपत. शेवटी कमिटीने रीतसर ठराव केला: खालचा अर्धा फळा पाण्याला, वरचा जपानला. वर हात पोचेना म्हणून काका घरून स्टूल आणू लागले.

काका एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. आयुष्य सुटे भाग नापास करण्यात गेलं. काकू गेल्या, मुलगी मेधा आयटीतल्या नोकरीवर टोकियोला गेली, आणि तपासायला जपान उरला. "निःपक्षपाती बातमी पाहिजे, इंग्रजीत. बाकी काही नको," असं म्हणत ते रोज सकाळी माझ्याकडे येत, कारण इंटरनेट माझ्याकडे होतं. मी अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत त्यांना साइटी उघडून देई.

"हा लंडनचा पेपर. स्थळ नाकारायचं ठरवूनच आलेल्या वरमाईसारखा बघतो जपानकडे. रिजेक्ट!"

"हा अमेरिकेचा. याला तिथे फक्त रोबो आणि म्हातारे दिसतात. रिजेक्ट!"

"आणि हा खुद्द जपानचा. स्वतःचं प्रगतिपुस्तक स्वतःच भरलंय. रिजेक्ट!"

एवढ्या चाळणीतून उरून फळ्यावर जायचं ते बहुधा "टोकियोत पाऊस." पावसाला पक्ष नसतो, असं काकांचं मत होतं.

"काका, जपानीच शिका की. पुण्यात गल्लोगल्ली क्लास आहेत."

"त्यांच्या भाषेत वाचलं की त्यांचंच पटायला लागणार."

"मग सरळ मेधाला विचारा."

"तिला काय विचारायचं? थंडी मस्त, ऑफिस मस्त, एकटीनं जेवणंसुद्धा मस्त! अरे, ज्यात एकही पीस खराब नाही असा लॉट मी नोकरीत कधी बघितला नाही."

मी हसलो होतो. म्हाताऱ्याचा हेका, दुसरं काय!

मग एका सकाळी तिकडे भूकंप झाला. एक साइट म्हणे किरकोळ, दुसरी म्हणे भयंकर. मेधाचा फोन लागेना. त्या दिवशी काका रिजेक्ट म्हणाले नाहीत. दोन्ही बातम्या त्यांनी पुन्हा पुन्हा वाचल्या. मग खडू उचलला. "लोक वाट बघत असतील," म्हणाले. कुणीही बघत नव्हतं. स्टूल डुगडुगलं आणि काका खाली आले. घोट्याचं हाड मोडलं.

संध्याकाळी प्लास्टर घालून त्यांना घरी आणून निजवलं, तोच मेधाचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर लावला.

"काही नाही हो बाबा, जरा भांडी वाजली, बास. मी मस्त आहे. तुम्ही काय करताय?"

काकांनी प्लास्टरकडे बघितलं.

"मी होय? आत्ताच टेकडीवरून आलो. पाय कसे अगदी मोकळे झाले."

फोन ठेवला. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"माहितीये. बोलू नकोस."

मग पंख्याकडे बघत म्हणाले, "तीसुद्धा तिकडे अशीच रोज टेकडीवरून येत असणार रे."

मी त्यांची उशी नीट केली.

"जा, फळा लिहून ये. जपानमध्ये सगळं मस्त."

"बातमीदार कोण म्हणून सांगू?"

"मुलगी."

"ती तर पक्षपाती, काका. रिजेक्ट?"

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पास कर," म्हणाले.