सात नंबरची किल्ली

माझ्या हातून आजवर एकही वस्तू हरवलेली नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. छत्री नाही, चष्मा नाही, पेनाचं टोपणसुद्धा नाही. घरात कात्री सापडेनाशी झाली की बायको पहिली हाक मला मारते. ती मीच कुठेतरी नेऊन ठेवलेली असते, असं तिचं म्हणणं. आपण त्यात शिरायला नको.

म्हणूनच आमच्या प्रयोगशाळेनं किल्ल्यांची जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. प्रयोगशाळा साधीसुधी नाही, राष्ट्रीय आहे. तिथे एक भलामोठा गोल बोगदा आहे. त्यात इलेक्ट्रॉन घाण्याला जुंपल्यासारखे गोल गोल पळतात. पळताना त्यांच्यातून जो प्रखर उजेड निघतो, त्यात देशभरातले शास्त्रज्ञ आपापले नमुने धरून बघतात. मशीन चालू असताना बोगद्यात माणूस असून चालत नाही. म्हणून दारापाशी एक फळा आणि फळ्यावर बारा किल्ल्या. आत जाणाऱ्यानं एक किल्ली काढून वहीत सही करायची, बाहेर आल्यावर ती परत आपल्या खोबणीत बसवायची. बारातली एक जरी जागेवर नसली तरी मशीन सुरू होत नाही. मग तुम्ही कितीही मोठे शास्त्रज्ञ असा!

पूर्वी लोक किल्ल्या खिशात घालून घरी जायचे. मी आल्यावर प्रत्येक किल्लीला वीतभर लांब, दोन बोटं जाड असा लाल लाकडी ठोकळा बांधला. आता घाला खिशात! तेव्हापासून अकरा वर्षांत एकही किल्ली इमारतीबाहेर गेलेली नाही. सुरक्षेच्या भाषणात हे वाक्य म्हणून झालं की मी थोडा थांबतो. टाळ्या अजून कुणी वाजवलेल्या नाहीत, पण मी जागा ठेवतो.

तर त्या दिवशी त्या मशीनवर माझ्या मेहुणीचा नंबर लागला होता. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. पीएचडी करते. बॅटरीत घालायच्या कसल्याशा पदार्थाचा नखाएवढा तुकडा तिनं तीन वर्षं खपून बनवला होता आणि तो आमच्या उजेडात तपासायचा होता. चौदा महिने वाट बघून तिला आठ तास मिळाले होते, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. सहाला दुसरी मंडळी दारात उभी. प्रबंध द्यायला दोन महिने उरलेले. हे आठ तास गेले की सगळंच गेलं.

आदल्या दिवशी ती आमच्याकडे मुक्कामाला आली. जेवताना तिचा घास हातातच राहत होता.

"भाऊजी, होईल ना हो सगळं नीट?"

"धाकटे, तू निवांत झोप. दहाच्या ठोक्याला उजेड तुझ्या नमुन्यावर पडलेला असेल. मी कशाला आहे तिथे?"

"म्हणून तर विचारतेय," ती म्हणाली. बायको पाणी पिता पिता ठसकली.

मी विषय बदलला. "त्या सुताराला आता चौथं पत्र धाडणार आहे. माझ्या टेबलाचा एक पाय केबलच्या खाचेत गेलाय. टेबल असं डुगडुगतं की माझी सही मलाच ओळखू येत नाही."

"पत्र लिहा," बायको म्हणाली. "पण तुम्ही स्वतः काही करायला जाऊ नका."

सकाळी नऊला मी सात नंबरची किल्ली घेऊन बोगद्यात शेवटची फेरी मारली. आत कुणी नव्हतं. बाहेर येऊन तिथेच दारापाशी असलेल्या माझ्या टेबलाशी बसलो, थोडी आवराआवर केली आणि वहीत 'किल्ली परत' असं लिहून सही ठोकली. सही काय झोकदार आली होती म्हणून सांगू! कितीतरी महिन्यांत तशी आली नव्हती. त्याच खुशीत चहा प्यायला गेलो.

दहाला दहा कमी असताना कंट्रोल रूममधून फोन आला. मशीन सुरू होत नव्हतं. सात नंबर जागेवर नव्हती.

मी फळ्यापाशी धावलो. अकरा किल्ल्या आणि मधे एक रिकामी खोबण, दात पडल्यासारखी. वही उघडली. वहीत तर माझीच सही, किल्ली परत! याचा अर्थ उघड होता. मी ठेवल्यानंतर कुणीतरी सही न करता ती उचलली होती. आणि किल्ली जागेवर नसली की माणूस आत आहे असंच धरायचं, हा माझाच नियम.

मी भोंग्यावर घोषणा केली. "सात नंबरची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी असाल तिथून बाहेर यावं." कुणी आलं नाही. मग सहा जणांना घेऊन अख्खा बोगदा पिंजून काढला. इलेक्ट्रॉनांना वळवणाऱ्या प्रत्येक चुंबकाच्या मागे वाकून बघितलं. एक स्क्रूड्रायव्हर आणि डाव्या हाताचे तीन हातमोजे एवढाच ऐवज मिळाला. बाहेर आलो तेव्हा अकरा वाजले होते. धाकटी नमुन्याची डबी दोन्ही हातांत धरून दारापाशी उभी होती.

तेवढ्यात मला आठवलं. सव्वानऊला चहाला जाताना मी पाण्याच्या फिटरला फळ्यापाशी पाहिलं होतं! लगेच भोंगा हातात घेतला. "पाण्याच्या फिटरनं किल्लीच्या चौकशीसाठी ताबडतोब दारापाशी यावं." ही घोषणा साऱ्या इमारतीनं ऐकली.

फिटर आला. वीस वर्षांची नोकरी, कधी आवाज चढलेला नाही.

"सकाळी फळ्यापाशी काय करत होता तुम्ही?"

"फळ्याशेजारी माझा मीटर आहे साहेब. तो रोज बघावाच लागतो."

"पिशवी दाखवा."

त्यानं सगळी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. पाने, पक्कड, पाइपाचे तुकडे, जेवणाचा डबा. पंधरा किलोचं लोखंड धाडकन आदळलं, तरी टेबल जागचं हललं नाही. किल्ली त्यात नव्हती.

फिटरनं सामान भरलं, शांतपणे जाऊन पाण्याचा मोठा कॉक बंद केला आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला. "भोंग्यावर चोर ठरवलंत मला. आता पाणी मी सोडणार नाही."

चुंबकांना गार पाणी मिळालं नाही तर ते तापतात, आणि मशीन पाच मिनिटंही चालत नाही. म्हणजे आता किल्ली सापडूनही उपयोग नव्हता. सकाळी एकच भानगड होती, मी तपासाला हात घातल्यापासून दोन झाल्या होत्या.

बाराला डायरेक्टर मॅडम आल्या. त्या कधी ओरडत नाहीत. हळू बोलतात, त्यामुळे जास्त भीती वाटते. माझ्यासमोर बसल्या, त्यांच्यासाठी आलेला चहा टेबलावर ठेवला गेला आणि मी एकेकाचे जबाब लिहून घेऊ लागलो. अक्षर अगदी मोत्यासारखं येत होतं.

"आणि तुमचा जबाब?" मॅडमनी विचारलं.

"माझा कशाला मॅडम? माझी तर वहीत सही आहे."

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "साडेबारा वाजले. अडीच तास गेले."

ती रडली असती तर बरं झालं असतं. माझं लग्न झालं तेव्हा ही दुसरीत होती. सायकल मी शिकवली तिला. पडली तरी अशीच उभी राहायची, ओठ मिटून. मी टेबलाचे सगळे खण उपसले. पण किल्ली काही सापडेना.

तिनं तिच्या ताईला फोन लावला होता. तो तिनं माझ्या हातात दिला.

"अहो," बायको म्हणाली, "बाहेर आल्यावर तुम्ही किल्ली हातानं खोबणीत बसवलीत का?"

"सही आहे माझी!"

"सहीचं नाही विचारलं. बसल्यावर पहिलं काय केलंत?"

"आवराआवर केली."

"म्हणजे काय केलंत? घरात कपाट हलत होतं, तेव्हाही तुम्ही आवराआवरच केली होतीत. धाकटीचं शाळेचं प्रमाणपत्र वर्षभर कपाटाच्या पायाखाली होतं."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तुमचं टेबल अजून हलतंय का?"

मी टेबलावर हात ठेवला. हलकेच दाबला. जोरात दाबला. टेबल ढिम्म.

 तीन बाजूंनी पत्रा असलेलं ते जुनं ऑफिसचं टेबल. पाय दिसतात ते फक्त मी बसतो त्या बाजूनं. मी मान किंचित खाली केली. कचऱ्याच्या टोपलीमागे, केबलच्या खाचेत, टेबलाच्या पायाखाली काहीतरी लाल दिसलं.

त्या क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं, हे मला कळतं. पण समोर मॅडम, शेजारी धाकटी, पलीकडे खुर्चीत फिटर! मी ठरवलं, किल्ली गुपचूप काढायची, फळ्यामागे हात घालायचा आणि म्हणायचं, "ही बघा, इथे पडली होती." पेन खाली टाकलं. "अरेच्चा," म्हणालो आणि टेबलाखाली शिरलो.

ठोकळा घट्ट बसला होता. काम मी नेहमी पक्कंच करतो. दोन्ही हातांनी हिसका दिला. ठोकळा निघाला, टेबल कलंडलं, आणि मॅडमचा चहा, वही आणि सगळ्यांचे जबाब ओळीनं माझ्या मानेवर आले. मी बाहेर आलो तेव्हा केसांतून चहा निथळत होता आणि हातात सात नंबर होती.



"अकरा वर्षांत एकही किल्ली इमारतीबाहेर गेलेली नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "हे खरंच आहे म्हणायचं."

मी किल्ली फळ्यावर बसवली आणि फिटरपुढे गेलो. "चुकलो. आता पाणी सोडा."

"कानात नको साहेब. मला बोलावलंत ते भोंग्यावर."

मी धाकटीकडे बघितलं. ती घड्याळाकडे बघत होती. मग काय करणार! भोंगा उचलला आणि साऱ्या इमारतीला सांगितलं, "सात नंबरची किल्ली सापडली आहे. ती माझ्याच टेबलाखाली मीच लावली होती. फिटरचा काहीही दोष नाही. मी त्यांची माफी मागतो." आणि सवयीनं थोडा थांबलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा टाळ्या पडल्या. तिन्ही मजल्यांवरून!

फिटरनं कॉक उघडला. एक वाजून दहा मिनिटांनी उजेड धाकटीच्या नमुन्यावर पडला. ती पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. सहाच्या ठोक्याला बाहेर आली, डोळे लाल, पण हसत होती. मिळायचं ते मिळालं होतं. सगळ्यात गरम तापमानाची दोन मोजमापं तेवढी राहिली.

प्रबंध वेळेत गेला, ती डॉक्टर झाली. एक प्रत आमच्या घरी आली. आभाराच्या पानावर फिटरचं नाव आहे. माझं नाही. "भाऊजी, तुम्ही घरचेच, तुमचे आभार काय मानायचे?" असं म्हणाली. पण त्र्याऐंशीव्या पानावर एक आलेख आहे, तो शेवटाकडे तुटतो, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'तांत्रिक कारणामुळे पुढील मोजमापे घेता आली नाहीत.' बायकोनं त्या पानात खूण घालून ठेवली आहे. येईल त्याला दाखवते.

परवा मी आंघोळ करत होतो. बाहेर फोन वाजला. पाचवं पत्र पोचलेलं दिसत होतं, कारण फोन सुताराचा होता. टेबल अजून हलतंय का, असं तो विचारत असावा.

"जरा थांबा हं," बायको त्याला म्हणाली. "तांत्रिक कारण आंघोळ करतंय."