चिंधूबाईच्या फण्या आणि करातली सूट

एका जंगलात, मुलांनो, असा कायदा होता की जो कुणी काही बनवेल, त्याने अर्धा माल सिंहाला कर म्हणून द्यायचा. नाकातली बोटं काढा आणि ऐका.

तिथे चिंधूबाई नावाची सायाळ बांबूच्या फण्या करायची. अर्ध्या फण्या दरबारात गेल्या की उरलेल्यात तिचं पोट भरेना. कारखान्याला कुलूप लावायची वेळ आली.

तेवढ्यात सिंहाने दवंडी पिटवली. "जो कारखानदार संशोधन करेल, त्याला कर माफ!"

चिंधूबाई खूश. तिने नुकतीच न मोडणारी फणी काढली होती. त्यापायी बांबूचं अख्खं बेट संपवलं होतं. कधी दाते मोडायचे, कधी चिरायचे. शेवटी धुरी दिली, तेव्हा कुठे जमलं.

दरबारातला कोल्हा तपासायला आला. चष्मा पुसत म्हणाला, "बाई, ही फणी जमेल की नाही, हे तुम्हाला आधी माहीत होतं का?"

आता खरं सांगून मोकळं व्हावं ना! पण हाडाची कारागीर ती. 'येत नाही' हे शब्द तिच्या तोंडून कधी निघालेच नव्हते. काटे ताठ झाले.

"माहीत नसायला काय झालं? मी काय काल जन्मले?"

"माहीत होतं, मग संशोधन कसलं? सूट नाही."

शेजारच्या भिकोबा अस्वलाला मात्र सूट मिळाली. तो टोपल्या विणायचा आणि प्रत्येक टोपलीचं बूड गळून पडायचं. "ही तरी टिकेल का?" असं कोल्ह्याने विचारलं, तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "देव जाणे, साहेब."

"वा! याला म्हणतात संशोधन!"

चिंधूबाईने भिकोबाला गाठलं. "मेल्या, लाज नाही वाटली?"

"लाज कसली, आक्का? मी खरं बोललो. खोटं तुम्ही बोललात. ते बेट काय वाळवीने खाल्लं?"

चिंधूबाईचे काटे खाली बसले. दुसऱ्या दिवशी भर दरबारात ती ओरडली, "महाराज, मला येत नव्हतं! दाते मोडत होते, मी रडत होते. जमेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं!"

कोल्हा गहिवरला. कर माफ झाला. कारखाना वाचला.

पण सगळ्यांनी ऐकलं होतं. आता आपल्या फण्या कोण घेणार, म्हणून ती मान खाली घालून घरी आली. बघते तर दारात ही रांग!

"बाई," पुढची माकडीण म्हणाली, "तुम्हाला येत नाही, हे खुद्द दरबाराने मान्य केलं म्हणे! आमच्या घरात सगळ्यांना सगळं येतं, पण कुणी विचारत नाही. त्या दरबारी मान्यतेच्या दोन फण्या द्या, म्हणजे आम्हालाही कुणी विचारेल."

तात्पर्य: मुलांनो, अज्ञान कधी लपवू नका. कर शहाणपणावर बसतो.