चपलेची अभियांत्रिकी व व्यवस्थापन

माणसाला एका वेळी एकच गोष्ट धड करता येते, हे सर्वमान्य आहे. ज्यांना एकही येत नाही, त्यांच्यासाठी विद्यापीठाने दोन पदव्या एकत्र घेण्याची सोय केली आहे. मी त्या सोयीचा लाभार्थी.

अभियांत्रिकी व व्यवसाय व्यवस्थापन संयुक्त पदव्युत्तर पदवी, असे आमच्या अभ्यासक्रमाचे नाव. ते ओळखपत्रावर मावत नसल्याने माझा फोटो तिकिटाएवढा छापला होता (ओळख पटवण्याचे काम नावानेच करावे, असा उद्देश). दोन विभागांच्या दोन इमारती आणि मध्ये रस्ता. अभियांत्रिकीच्या इमारतीत मी शिरलो की "मॅनेजर आले" म्हणत, व्यवस्थापनाच्या इमारतीत "आपला इंजिनिअर आला." मान दोन्हीकडे होता. हातात पाना मात्र कुणीच देत नव्हते.

मामांनी एकदा जेवताना विचारले, "म्हणजे मशीन बंद पडलं तर तू दुरुस्त करणार, की दुरुस्त करणाऱ्याला बोलावणार?"

"दुरुस्त करणं फायद्याचं आहे का, ते मी ठरवणार."

"आणि तोवर?"

"तोवर ते बंद असेल."

मामा आईकडे वळून म्हणाले, "ताई, शिकला हो तुझा मुलगा." आईला ते खरेच वाटले. मलाही.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मला बाटल्यांची झाकणे बनवणाऱ्या कारखान्यात पाठवले. तिथे झाकणे एका ओळीत लावणारे जुने यंत्र होते आणि यंत्राशेजारच्या खुर्चीवर एक मावशी. बावीस वर्षे त्या तिथेच बसत होत्या. मी स्टॉपवॉच घेऊन अकरा आठवडे त्यांच्यासमोर उभा राहिलो. निष्कर्ष असे: मावशी चौऱ्याण्णव टक्के वेळ नुसत्या बसून असतात. चार टक्के वेळ "उभा का, बस की रे बाळा" असे म्हणण्यात जातो. उरलेल्या दोन टक्क्यांत त्या पायातली रबरी चप्पल काढून यंत्राच्या डाव्या कुशीत एक फटका मारतात.

यंत्राच्या माहितीपुस्तिकेत चपलेचा उल्लेख नाही (मी अनुक्रमणिका दोनदा पाहिली). सबब अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही क्रिया घडतच नव्हती. जी क्रिया घडत नाही तिच्यासाठी माणूस नेमणे व्यवस्थापनाच्या दृष्टीने चूक. दोन शास्त्रांचे एकमत होण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होता आणि तो माझ्या हातून घडला, याचा मला अभिमान वाटला. मी शिफारस केली: मावशींना स्टोअरमध्ये हलवावे, यंत्रावर सेन्सर बसवावा, बिघाड होताच लाल दिवा लागेल.

अहवाल एकशे बारा पानांचा झाला. दोन्ही विभागांनी त्याला सर्वोच्च श्रेणी दिली. अभियांत्रिकीच्या सरांना त्यातला व्यवस्थापनाचा भाग आवडला. व्यवस्थापनाच्या मॅडमना अभियांत्रिकीचा.

मावशी स्टोअरमध्ये गेल्या, त्या दिवशी यंत्र एकेचाळीस वेळा बंद पडले. लाल दिवा एकेचाळीस वेळा लागला. दिव्याची कार्यक्षमता शंभर टक्के भरली.

कारखान्याच्या मॅनेजरने मला बोलावून घेतले. मी धावत सरांकडे गेलो. ते म्हणाले, "हा माणसांचा प्रश्न आहे, पलीकडे विचार." रस्ता ओलांडला. मॅडम म्हणाल्या, "हा मशीनचा प्रश्न आहे, पलीकडे विचार." सहा वेळा रस्ता ओलांडल्यावर मी स्टोअरमध्ये गेलो. मावशी खोक्यांवर लेबले चिकटवत होत्या.

"मावशी, चप्पल नेमकी कुठे मारायची?"

"मारायचं सोपं आहे रे. आधी ऐकायचं. मशीन अडकायच्या आधी कण्हतं."

"कसं कण्हतं?"

त्यांनी हातातले लेबल बाजूला ठेवले. "अकरा आठवडे समोर उभा होतास ना?"

मी मान खाली घातली. पायात माझे बूट होते.

मॅनेजरला म्हणालो, "मावशींना परत बसवा. चूक माझी आहे."

तो समजूतदार माणूस होता. "बसवतो. फक्त तुमच्या विद्यापीठाला लिहून द्या की अहवाल चुकला. मग तुमच्या पदवीचं ते बघतील."

मी एक रात्रभर विचार केला, असे लिहिले असते तर बरे दिसले असते. प्रत्यक्षात मला चार मिनिटे लागली (स्टॉपवॉच खिशातच होते). मी लिहून दिले नाही.

त्याऐवजी कारखान्यात नवे पद निर्माण झाले: प्रक्रिया-सातत्य अधिकारी. पात्रता, अभियांत्रिकी व व्यवस्थापन या दोन्ही विषयांतील पदव्युत्तर पदवी. अर्ज एकच आला, माझा. मी आता त्याच खुर्चीवर बसतो. यंत्राचे कण्हणे मला दहातून तीनदा ओळखता येते. चप्पल कंपनीकडून मिळते, उजव्या पायाची. पदवीदान समारंभात मला सुवर्णपदक मिळाले, मामांनी टाळ्या वाजवल्या, मावशींनी त्याच महिन्यात काम सोडले, आणि आमचा कारखाना आता अभ्यासक्रमात यशस्वी उदाहरण म्हणून शिकवला जातो.

हे सगळे सांगितले की लोक मला मनापासून हसतात. मग विचारतात ते ठरलेले तीन प्रश्न: पगार किती, बढती कधी, आणि आमच्या मुलाला प्रवेश मिळेल का. मावशी कुठे गेल्या, हे आजवर कुणी विचारलेले नाही. तुम्हीही ते वाक्य पदक आणि टाळ्यांच्या ओघात न अडखळता वाचून पुढे आलात.

तुमची पात्रता सिद्ध झाली आहे. प्रवेश सुरू आहेत.