विसूनानांची माळावरची स्थळे

तरसाच्या कपारीपुढे बसलेल्या माणसाने आपले मत तिथल्या तिथे सांगू नये, असा विसूनाना देवकुळ्यांचा नियम होता. पाहून झाले की दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून सावकाश उठायचे, ‘बरं, कळवतो’ एवढेच म्हणायचे आणि टांग्याकडे चालू लागायचे. मत द्यायचे ते टांग्यात. एकदा मुंबईच्या एका गृहस्थांच्या तोंडून कपारीपाशीच ‘शी, काय हे ध्यान!’ असे निघून गेले. नानांनी त्यांना परतताना टांग्यात बसू दिले नाही. ते गृहस्थ आकुर्डीच्या माळावरून स्टेशनपर्यंत उन्हातून पायी गेले.

“अहो, जनावर ते,” मी म्हणालो.

“ऐकू येतं, मास्तर,” नाना म्हणाले. “ज्याच्याविषयी बोलतात त्याला सगळ्यात आधी ऐकू येतं.”

हे पन्नासनंतरच्या दशकातले चिंचवड. देऊळ, नदी, भोवती गाव आणि गावाबाहेर माळ. पिंपरीकडे मोठा कारखाना उभा राहत होता. त्याची चिमणी आधी दिसू लागली आणि माणसे मागून आली. पुण्या-मुंबईकडचे लोक सकाळच्या गाडीने उतरत, गणपतीचे दर्शन घेत आणि मग दुपारच्या गाडीपर्यंत त्यांना काही उद्योग नसे. ही मधली रिकामी वेळ विसूनानांनी हेरली. ते देवळाच्या बाहेर उभे राहत. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, हातात छत्री. दर्शन करून आलेल्या माणसाला ते अदबीने म्हणत, “देव झाला. आता आमच्याकडची जनावरं बघून जा. अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. गाडी चुकणार नाही.”

‘कार्यक्रम’ हा शब्द त्यांच्या जुन्या धंद्यातला. नाना आयुष्यभर लग्ने जुळवीत आले होते. तळेगाव दाभाड्यापासून पुण्यापर्यंत कोणत्या घरात मुलगी उपवर आहे आणि कोणत्या मुलाला दम्याची खोड आहे हे त्यांना पाठ होते. तो धंदा त्यांनी का सोडला हे गावाला ठाऊक होते. पण ते पुढे येईल. धंदा सुटला, भाषा सुटली नाही. आणि जनावरांचे ज्ञान म्हणाल तर यथातथाच. सायाळ काटे फेकून मारते, खोकडाला अमावास्येला ताप भरतो, अशी विधाने ते छातीठोकपणे करीत. मी शाळेत गणित शिकवीत असे. तरी यातले निम्मे खोटे आहे एवढे मलाही कळे. मी ते एकदा बोलून दाखवले. त्यांनी मला बाजूला घेतले.

“मास्तर, पत्रिकेत सगळं खरं लिहिलं तर एक तरी लग्न होईल का?”

मला बरोबर नेण्याचे कारण त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. बघण्याच्या कार्यक्रमाला एक न बोलणारा, वयस्कर, करड्या चेहऱ्याचा माणूस लागतो. त्यामुळे घराण्याला वजन येते. “तुम्ही फक्त बसायचं,” ते म्हणाले. “तुमचा चेहरा देवाने याच कामासाठी केला आहे.” मी तेव्हा वयस्कर नव्हतो. चेहऱ्याविषयी वाद घातला नाही.

टांगा म्हादूचा. म्हादू गावचा जुना रहिवासी, तोंडाने फटकळ. पहिला मुक्काम रावेतला पवनेच्या डोहावर. तिथे पाणमांजरांचे एक कुटुंब होते. काठच्या खडकाआड सगळ्यांना ओळीने बसवून नाना हलक्या आवाजात माहिती देत. “घराणं पाण्यातलं. खाऊन-पिऊन सुखी. सासर-माहेर एकाच डोहात, त्यामुळे मुलीला त्रास नाही.” पाणमांजरे वर आली नाहीत तर ते घड्याळ पाहत आणि म्हणत, “मंडळी बाहेरगावी गेलेली दिसतात. आगाऊ कळवायला हवं होतं.”

“नाना, मासं संपलं असतील हितलं,” म्हादू मागून म्हणे. “बाहेरगावी कुटं जात्यात? यष्टीनं?”

“म्हादबा, मुलाकडच्यांसमोर बोलू नये.”

मग एका शेताच्या बांधावर खोकडांची जोडी. इथे नानांचा स्वर कौतुकाचा होई. “नवरा बाहेरचं बघतो, ही घर बघते. पण घरात शब्द हिचा.” जोडी दिसली नाही तर बीळ दाखवीत. घर पाहून माणसे कळतात, असे त्यांचे म्हणणे होते.

सगळ्यात शेवटी आकुर्डीच्या माळावरची जुनी दगडखाण. तिच्या कपारीत तरसाची मादी राही. थंडीच्या दिवसांत सकाळी ती तोंडाशी येऊन उन्हात पडे. तरसाविषयी गावात कुणी बरे बोलत नसे. त्यावर चेटकीण बसते, ते पुरलेली पोरे उकरते, वगैरे. नाना मात्र तिथे पोचले की छत्री मिटून, टोपी सरळ करून बसत. “रंग करडा आहे. नाकारत नाही. पाठ जरा उतरती आहे. पण पिलं बघा कशी ठेवली आहेत. संसाराला अशी मिळायची नाही.” पाहुणे तोंडाला रुमाल लावून हसू दाबीत. मी करड्या चेहऱ्याने बसून असे.

“नानांनी तरसाची बी सोयरीक धरलीया,” म्हादू गावभर सांगे. “आता वरात तेवढी राह्यली. टांगा माजाच.”

तिथून थेट नानांच्या घरी. पोहे आणि चहा झाला की स्टेशन.

पुष्कळ दिवस हा सारा खटाटोप एका विक्षिप्त माणसाचा विरंगुळा आहे असेच मी समजत होतो. पैशासाठी तो नव्हता. टांग्याचे भाडे निघाले तरी ते खूश असत. मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कुटुंब घेऊन आलेल्या माणसाला नाना हटकून परतवीत. “आज काही दिसायचं नाही. हवा बरोबर नाही.” एकटा, तिशी-पस्तिशीचा, हातात कातडी बॅग असलेला, नव्या कारखान्यात नोकरीसाठी चौकशी करून आलेला माणूस दिसला, की हवा लगेच बरोबर होई. पहिला प्रश्न नाव, दुसरा गाव, तिसरा, “घरी कोण कोण असतं?”

नानांना एक मुलगी होती. इंदू. आई लहानपणीच गेलेली. डाव्या गालावर कोडाचा पांढरा डाग होता आणि तो वयाबरोबर वाढत गेला होता. शेकडो मुली उजवणाऱ्या माणसाची स्वतःची मुलगी तिशीला आली तरी घरीच होती. किती जण येऊन, पाहून, ‘कळवतो’ म्हणून गेले याची गणती गावानेही सोडून दिली होती. शेवटी लोक नानांना दारातच म्हणू लागले, “नाना, आधी घरचं बघा.” त्या दिवसापासून त्यांनी धंदा बंद केला.

मी इंदूपाशी कधी हा विषय काढला नव्हता. तिनेच काढला. आमच्या दोन्ही घरांमध्ये एक बुटकी भिंत होती. तिच्यावर वाळवणाची चादर टाकता टाकता ती म्हणाली, “मास्तरकाका, तुम्ही तर दर वेळी बरोबर असता. बाबांनी क्रम कसा लावला आहे, पाहिलात ना?”

“कसला क्रम?”

“आधी पाणमांजर. ते देखणं. मग खोकड. मग तरस. आणि तरसानंतर मी.” ती चादरीची सुरकुती काढीत राहिली. “त्यांची जुनी युक्ती आहे. जी खपवायची तिच्या आधी दुसरी एखादी दाखवायची. डोळ्यांत ती असली की ही बरी दिसते. दुसरी मुलगी आता कोणी देत नाही, म्हणून तरस.”

“इंदू, असं बोलू नये.”

“मी कुठे बोलते? पोहे करते.”

एवढे बोलून ती आत गेली. त्यानंतर त्या खाणीपुढे चेहरा करडा ठेवायला मला कष्ट करावे लागले नाहीत.

त्याच हिवाळ्यात गद्रे नावाचे गृहस्थ आले. पस्तिशीचे, अविवाहित, नागपूरकडचे. कारखान्यात ओव्हरसियरची जागा मिळाली होती. रुजू होण्यापूर्वी हवा-पाणी पाहायला उतरले होते. नानांना असे स्थळ तोवर सापडले नव्हते. आणि त्या दिवशी नशीबही असे, की डोहावर पाणमांजरे वर आली, बांधावर खोकडांची जोडी उन्हात बसली होती, आणि खाणीत तरसाची मादी पिलांसह कपारीच्या तोंडाशी पहुडली होती. गद्रे पालथे पडून कितीतरी वेळ पाहत राहिले. हसले नाहीत. नियमाप्रमाणे गुडघ्यांवर हात टेकून उठले. टांग्यात बसल्यावर इतकेच म्हणाले, “विलक्षण आहे.”

नानांनी माझा हात दाबला.

घरी इंदू पोहे घेऊन आली. तिने ते ठेवले आणि ती दारापाशी उभी राहिली. गद्रे तरसाविषयीच बोलत होते. पिले किती दिवस आईजवळ राहतात, वगैरे. पोहे संपले तेव्हा त्यांनी बशी पुढे केली आणि आणखी मागितले.

त्यांना निरोप दिल्यावर नाना माझ्या ओसरीवर येऊन बसले. “मास्तर, तीस वर्षं हेच केलं आहे मी. नापसंत असलेला मुलगा दुसऱ्यांदा पोहे मागत नाही. बशीत अर्धे टाकतो. याने दुसऱ्यांदा मागितले.”

“भूक लागली असेल. सकाळपासून टांग्यात होता.”

“भुकेलेला मुलगाही मागत नाही,” नाना ठामपणे म्हणाले. “मागितलं की बांधला जातो, हे त्याच्या आईने सांगितलेलं असतं.”

हेच सांगायला ते पुढे गल्लीतल्या सगळ्याच घरी गेले. मला वाटते, त्यांनी हे इंदूलाही सांगितले असावे. कारण त्या आठवड्यात भिंतीपलीकडून तिच्या गुणगुणण्याचा आवाज आला. मी तो पूर्वी ऐकला नव्हता.

पुढल्या रविवारी गद्रे आपणहून आले. नाना आणि मी त्यांच्या ओसरीवर होतो. गद्रे गल्लीच्या तोंडाशी दिसले तशी आत कपाटाचे दार वाजले. इंदू लुगडे बदलायला गेली असणार. नाना अनवाणीच पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले. मी मागोमाग गेलो.

“या, या. मी वाटच बघत होतो,” नाना म्हणाले.

“माझे दोन मित्र स्टेशनवर थांबले आहेत,” गद्रे म्हणाले. “त्यांना तो तरस बघायचा आहे. मी इतकं वर्णन केलं आहे! आज जमेल का?”

“जमेल. जमेल की.” नाना थांबले. “आणि आमच्या मुलीविषयी... घरी काही बोलणं झालं का?”

“मुलगी?” गद्र्यांना खरोखरच आठवेना. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तेच वाईट होते. “कोणती मुलगी?”

“पोहे घेऊन आली होती ती.”

“अच्छा, त्या! त्या आपल्या कन्या का? माफ करा, माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, स्वयंपाकाला बाई आहेत.”

म्हादूचा टांगा कोपऱ्यावर उभा होता. नानांनी तिकडे पाहिले नाही.

“तरस आता तिथे नाही,” ते म्हणाले. “पिलं घेऊन गेली.”

गद्र्यांनी हळहळ व्यक्त केली, नमस्कार केला आणि ते गेले. रस्त्यावरचे हे बोलणे आत पोचण्यासारखे नव्हते. आम्ही परतलो तेव्हा इंदू दारात उभी होती. हिरवे लुगडे. हातात पाण्याचा तांब्या.

“गेले?” तिने विचारले. “काय म्हणाले?”

विसूनाना पायरी चढून वर आले. मग ज्या आवाजात ते पाहुण्यांना सायाळीचे काटे सांगत, त्याच आवाजात म्हणाले, “पसंत आहेस म्हणाला. मी नाही म्हणून सांगितलं.”

“का?”

“का म्हणजे? तू गेल्यावर मला दोन घास कोण घालणार? म्हातारपणी हात भाजून घेऊ?”

इंदूने तांब्या खाली ठेवला. “तो पसंत आहे म्हणाला?”

“दोनदा म्हणाला. मास्तर होते.”

मी मान डोलावली.

तिने वडिलांकडे पाहिले. मग तिच्या तोंडून जे निघाले त्याची तयारी नानांनी केलेली नव्हती. “म्हणजे आधीचेही?”

नानांनी एकदाच डोळे मिटले. “आधीच्यांपैकीही होते काही. सगळे नाही. तिघे-चौघे होते. मीच मोडलं.”

“आणि मी इतकी वर्षं आरशाला शिव्या देत बसले,” इंदू म्हणाली आणि आत गेली.

मी त्यांना त्याच दुपारी म्हणालो, की हे बरे केले नाहीत. पोरीला एक बाप होता, तोही काढून घेतलात. पुढे ते देवळाबाहेर कधी उभे राहिले नाहीत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माळावर कुंपणाचे खांब आले, खाणीत सुरुंग लागले आणि तरसाचे काय झाले ते पाहायला कोणी गेले नाही. इंदूने कारखान्याच्या पॅकिंग खात्यात नोकरी धरली. सकाळी गावाच्या मधून, भर रस्त्याने, समोर पाहत ती चालत जाई. वडिलांशी ती बोलत नसे. त्यांचे सगळे करी. बोलत मात्र नसे. ‘बाबा’ ही हाक मी पुन्हा ऐकली नाही. आता दोघेही नाहीत, म्हणून हे लिहितो.

त्यांच्या अखेरच्या वर्षी मी एका संध्याकाळी गेलो होतो. नाना पाटावर बसले होते. इंदूने ताट आणले आणि त्यांच्यापुढे आदळले. आमटी सांडली. ती पाय आपटीत आत गेली. मी अवघडून उठू लागलो तर नानांनी मला हाताने थांबवले.

“आवाज ऐकलात?” ते हळूच म्हणाले. सांडलेली आमटी ते भाताने टिपून घेत होते. “पूर्वी ताट कधी ठेवून गेली, ते कळतसुद्धा नसे.”