पाळण्याची गाडी

नाना कधी समोरच्याकडे बघून बोलत नसत. ते वर बघत. माणूस ओट्यावर बसलेला असला तरी मान मागे टाकून, त्याच्या डोक्यावर वीस-पंचवीस फुटांवर नजर लावून, या शेतातून त्या शेतात हाक मारावी तेवढ्या मोठ्यानं बोलत. टोपी मागे पडते म्हणून ती कायम बगलेत. मी धुळ्यात बदलून त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा पहिले आठ दिवस त्यांच्याबरोबर आमच्या छपराकडे बघत होतो. तिथे काही नव्हतं.

हे सगळं धंद्यामुळे. रस्त्याकडेच्या विजेच्या तारांवर आलेल्या निंबाच्या, चिंचेच्या फांद्या छाटायच्या, हा नानांचा धंदा. झाडावर चढायचा तो दगडू. खाली दोर धरून कुठली फांदी ठेव, कुठली काढ, हे ओरडून सांगायचे ते नाना. अशी तीस वर्षं गेली. मग दगडूचे गुडघे गेले. दगडू खाटेवर बसला आणि नानांचा धंदाही बसला. दुसरा चढणारा ठेवा म्हटलं, की नाना छपराकडे बघून म्हणत, "त्याले झाड काय समजस?"

आता त्यांना पाळण्याची गाडी हवी होती. रस्त्यावरचे दिवे बदलायला ट्रकवर उंच शिडी असते आणि टोकाला माणूस उभा राहील एवढा पाळणा, तसली. जुनी चालेल म्हणाले. निवडायला सोबत मी, कारण मी मास्तर, म्हणजे मला यंत्रातलं कळत असणार. मी मराठी शिकवतो हे दोनदा सांगून पाहिलं.

माझे पाच रविवार त्यात गेले. दोनदा जळगाव, एकदा शिंदखेडा, एस.टी.त उभ्यानं. प्रत्येक ठिकाणी तेच. मालक इंजिन सुरू करून दाखवी, ते छान घरघरे. नाना तिकडे ढुंकूनही बघत नसत. पिशवीतून कुऱ्हाड काढून तिच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, शिडीवर ठोका मारायचे आणि कान लावायचे. झाड आतून कुजलंय का ते असंच कळतं. मग मान वर करून निकाल द्यायचे, "पोकय शे."

"नाना, लोखंडी पाइप आहे. पाइप पोकळच असतो."

"मंग माणूस कसा चढावाना तेनावर?"

या वादात परतीची एस.टी. चुके. असल्या चांगल्या चालत्या तीन गाड्या त्यांनी नाकारल्या. चौथीच्या वेळी मी स्टँडवर जायची सायकल पंक्चर असल्याचं खोटं सांगितलं. ते पंक्चर काढणाऱ्यालाच घेऊन आले.

शेवटी धुळ्यातच एका मारवाडी शेठजींच्या भंगाराच्या वखारीत एक गाडी निघाली. फार जुनी, शिडी अस्सल सागवानी. नानांनी ठोका मारला, कान लावला, आणि त्यांचा चेहरा उजळला. तिथल्या तिथे सौदा. शेठजी सरळ माणूस. ते स्वतःच म्हणाले, नाना, पाळणा हँडलनं वर जातो, पण इंजिन मेलेलं आहे, ही गाडी कुठे जाणार नाही. मी कपाळाला हात लावला.

"माले कोठे जानं शे?" नाना म्हणाले. "वरच जानं शे ना."

दोन बैलजोड्या लावून गाडी ओढत आणली. नानांनी ती नेली थेट दगडूच्या अंगणात, निंबाखाली. आता मात्र मी चिडलो. न चालणाऱ्या गाडीवर धंदा कसा होणार, हे मी चांगलं चढ्या आवाजात विचारलं. नानांनी मान खाली घातली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते हळू बोलले.

"तीस वरीस मी खालतून बोलनू मास्तर, अन् तो वरतून. आते दोन्हीबी एकच खाटवर बसतस. काय बोलानं ते सुचसच नही."

मला स्वतःचीच लाज वाटली. दगडूच्या बायकोनं पाळण्यात गोधडी घातली. आम्ही दगडूला उचलून त्यात बसवलं, हातात कोयता दिला, आणि हँडल माझ्याकडे आलं. दमानं फिरवत गेलो. दगडू पानांत शिरला. खाली नाना टोपी बगलेत धरून, मान मागे टाकून उभे.

"काय दिखी ऱ्हायनं रे, दगडू?"

"बठ्ठं, सगळं दिखी ऱ्हायनं," वरून आवाज आला. "तुनं टक्कल बी."

नाना हसले नाहीत. बाहीनं डोळे पुसले आणि ओरडले, "डावीकडनी वाळेल फांदी देख आधी!" मग दोघं जे भांडायला लागले, ते अंधार पडेपर्यंत. हँडल धरून माझे हात भरून आले होते. पण पाळणा खाली घेऊ का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.