अकरा पावलं

झाडे सरांना नमस्कार करणं सोपं नव्हतं. तुम्ही हात जोडले की ते त्यातला एक हात सोडवून घेत, मनगटावर तीन बोटं ठेवत आणि घड्याळ बघत. घड्याळाची तबकडी ते नेहमी मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, ती याच सोयीसाठी. अर्ध्या मिनिटाने ते "ब्याऐंशी. बस," म्हणत आणि मग तुम्ही कशाला आलात ते विचारत. आमच्या सिंदी गावातल्या लग्नांमध्ये ते आहेर देतादेताच नवरदेवाची नाडी बघून घेत. एकाची एकशे अठरा भरली, तेव्हा मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिलंच लग्न हाय, चालते."

कुणी हौसेने स्वतःच दुसऱ्याची नाडी बघू लागला की ते त्याचा अंगठा उचलून बाजूला करत. "अंगठ्याले सोताची नाडी असते. आपलीच मोजशीन आन् दुसऱ्याची समजशीन."

सर आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. मी त्यांचा सगळ्यात नालायक विद्यार्थी. 'पोटात दुखते' अशी चिठ्ठी आणून मी तीन वर्षं मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळं गावच मैदानात काढलं. कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाचे गुडघे धरलेले. सकाळी सहाला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांची फौज उभी राही. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांनी ताणायचे पट्टे केले होते, आणि वजनं म्हणून तुरीच्या डाळीच्या पिशव्या. गोळ्या बंद करा असं ते कुणालाही सांगत नसत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गोळी डॉक्टरची, पाय तुहे."

चालण्याचा वेग किती ठेवायचा, यासाठी त्यांनी एक साधा हिशेब बसवला होता. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता येत असेल तर तुम्ही आळस करताय, आणि बोलताही येत नसेल तर अति करताय. त्यामुळे आमच्या स्टेशनरोडवर रोज सकाळी कापसाचे चार-पाच व्यापारी आणि दोन रिटायर कारकून आरत्यांच्या एकेका ओळीची परीक्षा देत जात. गुणवंतराव किराणेवाले हुशार. ते बैलगाडीच्या मागे रमतगमत चालत आणि सरांनी "म्हण" म्हटलं की सांगत, मले लहानपणापासूनच गाता येत नाई. सरांनी मनगट धरलं. चौऱ्याहत्तर, म्हणजे नुसता आळस. त्या दिवशी गुणवंतरावांनी रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत येईतो तीन वेळा चाल वाढवली आणि शेवटी सुखकर्ताच्या दुसऱ्या शब्दाला त्यांचा सूर तुटला. सर म्हणाले, जमते.

हे सगळं मी माझ्या कापडाच्या दुकानाच्या गादीवर लोळत बघत असे आणि हसत असे. मग होळीच्या आठवड्यात मलाच हार्ट अ‍ॅटॅक आला.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं, की घाई नको पण पडूनही राहू नका, रोज थोडं थोडं चाला. ते वाक्य दवाखान्याच्या फाटकाबाहेर आलंच नाही. माझी मोठी बहीण, आम्ही तिला मोठी बाई म्हणतो, वडनेरहून पिशवी घेऊन आली आणि तिने मला खाटेवर टाकलं. पाण्याचा गिलास हातात. जेवणाचा घास जवळपास तोंडात. आमच्याकडे हृदयाच्या पेशंटला असंच सांभाळतात, त्याला हलू देणं म्हणजे घरच्यांना माया नाही असं होतं. शिवाय भेटायला येणारे. दोन केळी आणि बिस्किटाचा पुडा ठेवून प्रत्येक जण एक गोष्ट सांगून जाई. कुणाचा व्याही दार उघडायला उठला आणि गेला. कुणाचा साडू चप्पल घालायला वाकला आणि गेला. पंधरा दिवसांत मी इतक्या लोकांच्या जाण्याच्या तऱ्हा ऐकल्या, की कूस बदलायचीही मला भीती वाटू लागली. खोटं कशाला बोलू, एकटा असलो की मला रडू येई.

मला एकाच गोष्टीची रुखरुख होती. आमच्या घरी वडिलांनी घडवलेला सागवानी बैल आहे, छातीएवढा उंच, लाकडी चाकांचा. सिंदीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, असे बैल मिरवत नेतात, आणि आमच्या बैलाचा दोर वडिलांनंतर मीच ओढत आलो होतो. मोठ्या बाईने जाहीर केलं, की यंदापासून बैल घरातच पुजायचा. ते ऐकलं आणि माझ्यातला माणूस संपला, असं मला स्पष्ट वाटलं.

त्याच दुपारी सर आले. मनगट धरलं. "शहाण्णव, ते बी पडल्यापडल्या. ऊठ, विनायक. अकरा पावलं चाल."

मोठी बाई भडकली. "सर, त्याचं काळीज फाटून राह्यलं आन् तुम्ही पीटी घ्याले आले?"

सर शांतपणे खाली बसले. "बाई, बैल वर्षभर खुंट्याले बांधून ठेवला तर पोळ्याले चालन का? आन् बसून राह्यलेल्या बैलाले एकदम औताले जुंपता का? दोन्ही नाई. हृदय मांसाचंच हाय. मांसाले रोज थोडं काम पाह्यजे. डॉक्टरनं बी तेच सांगतलं असन, इचारा याले."

मोठ्या बाईने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. शाळेतल्या चिठ्ठ्यांनंतर प्रथमच सरांसमोर खरं बोललो.

अकरा पावलं म्हणजे खाटेपासून उंबरठ्यापर्यंत. मी भिंतीला हात लावत गेलो आणि आलो. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा अकरा, मग चारदा. अकराच का, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक नव्या पेशंटचा पहिला डोस तोच. गुणवंतराव म्हणत, शुभाचा आकडा आहे, आहेरासारखा. आठवडाभरात मी अंगणात आलो, महिन्याने रेल्वे फाटकापर्यंत. सर चार्ट लिहीत आणि तो डॉक्टरांना दाखवायला मलाच वर्ध्याला पिटाळत. श्रावण लागता लागता डॉक्टरांनी मला सरकत्या पट्ट्यावर चालवून बघितलं आणि म्हणाले, तुमच्या सरांना सांगा, ठीक चाललंय. त्याच आठवड्यात मी रेल्वेचा दादरा, रुळांवरचा उंच पूल, न थांबता चढलो. वरून सिंदी बघताना मला असा माज आला होता, की मी सरांना ओरडून सांगितलं, दोर मीच ओढणार.

सर खालून म्हणाले, "बोलता येते ना? मंग जमते."

तान्ह्या पोळ्याला बैलाचा दोर माझ्या खांद्यावर होता. डाव्या बाजूला सर, उजव्या बाजूला हातात गोळीची डबी घेऊन मोठी बाई. सर मला सारखे बोलतं ठेवत होते. कापडाचे भाव विचार, शाळेतल्या चिठ्ठ्या कोण लिहून देत होतं ते विचार. त्या मोठ्या बाईनेच लिहिल्या होत्या, हे भर रस्त्यात मी सांगून टाकलं. घाम आला, दम लागला, पण शब्द तुटला नाही. बैल मैदानात पोचला तेव्हा मोठी बाई बैलाच्या गळ्यात पडून रडली. मी वळून पाहिलं तर सर निघून गेले होते.

प्रसाद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांचं घर आतून बघितलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना अंगणातच भेटत. सर आतल्या खोलीत होते, आणि तिथे भिंतीला लागून एक खाट होती. धुतलेली चादर, उशी, उशाशी उपडा ठेवलेला गिलास. बायको वारल्यापासून सर एकटेच राहत, आणि त्यांची खाट ओसरीत होती. मी अंगणाच्या दाराकडून त्या खाटेकडे निघालो आणि सवय लागली होती म्हणून पावलं मोजली गेली. अकरा भरली.

"कमलची खाट," सर म्हणाले. "बारा वर्षं झाले. तिले बी हृदयाचंच होतं. दीड वर्ष मी तिले उठू देल्लं नाई. पाणी बी हातात दिलं. ती म्हणे, अंगणात जाऊन येते, जाईले फुलं लागली असतीन. मी म्हणो, पडून राह्य, मी आणतो. रोज वंजळभर आणून देल्ले." खाटेवरची चादर हाताने सारखी करत म्हणाले, "मी पी.टी.चा मास्तर, विनायक. मंग, ती गेल्यावर, अमरावतीले ट्रेनिंगले गेलतो, तिथल्या सरांनी फळ्यावर लिहून सांगतलं, अशा पेशंटले हळूहळू चालवा म्हणून. मी मधूनच उठून बाहेर गेलो."

मी प्रसाद खाली ठेवला आणि त्यांचं मनगट धरलं. गावभराची नाडी बघणाऱ्या या माणसाची नाडी कुणी कधी बघितली असेल असं मला वाटत नाही. मनगट बारीक होतं आणि त्यात काहीतरी जोरात उडत होतं.

"अंगठा काढ," सर म्हणाले. "तुहीच लागून राह्यली."

मी अंगठा काढला नाही. त्यांनीही हात सोडवून घेतला नाही.