मागे कोणीतरी हवं

दोष मोठ्या काकांचा. त्यांनी अर्ध्या सेकंदाच्या शटरवर माझा फोटो काढला आणि तेव्हापासून मी पुसट झालो. फोटोत येतो तसा नव्हे, मी स्वतःच.

त्यांच्या छायाचित्र रसिक मंडळाच्या स्पर्धेचा विषय होता 'गती'. काकांनी अख्खं घर पायऱ्यांवर बसवलं, कॅमेरा स्टँडवर लावला आणि म्हणाले, "कुणी हलायचं नाही. उम्या, तू फक्त मान वळव. हळू." मी वळवली. घर लख्ख आलं. माझ्या मानेवर एक धुरकट पट्टा आला. आरशात पाहिलं, तर तिथेही तोच.

"अर्ध्या सेकंदाला एवढं होतंच," काका म्हणाले. बाबांनी पेपर उघडला. मोठा भाऊ बोलायला लागला की त्यांना पेपर वाचायचा राहिलाय असं आठवतं.

घरात कॅमेरा एकच, काकांचा. त्यातून त्यांनी आयुष्यभर धबधबे, मुंग्या आणि गंजलेली कुलपं टिपली. आईबाबांच्या लग्नात त्यांनी नुसत्या सावल्या काढल्या. पायऱ्यांवरच्या या फोटोत आई अशी पहिल्यांदाच आली होती, मागच्या पायरीवर, डोक्यावर पदर, जरा हसू दाबलेलं.

रविवारी मंडळात रसग्रहण झालं. अकरा निवृत्त माणसं हात मागे बांधून चाळीस मिनिटं त्या फोटोपुढे उभी होती. मी फोटोच्या शेजारीच उभा होतो. माझ्याकडे एकानेही पाहिलं नाही. अध्यक्ष खैरमोडे पूर्वी भूमापन खात्यात होते. ते म्हणाले, "मुलगा कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते, सांगता येत नाही. जमीन असती तर मी सही केली नसती." पहिलं बक्षीस काकांना मिळालं. फोटो सभागृहाच्या भिंतीवर कायमचा लागला.

माझी डिप्लोमाची शेवटची परीक्षा आठ दिवसांवर होती. कॉलेजातल्या क्लार्कने हॉल तिकीट माझ्या तोंडाशेजारी धरलं.

"फोटो व्यवस्थित आहे. तुम्ही नाही."

"मीच आहे हो."

"असाल. पण जुळत नाही. स्थिर होऊन या, नाहीतर बसता येणार नाही."

मी काकांना म्हणालो, आता सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो काढा आणि मला होतो तसा करा.

"पुसट माणसाचा झटपट फोटो काढला तरी येतो पुसट माणूसच. एवढंही कळत नाही, आणि म्हणे डिप्लोमा," काका म्हणाले. "पॅनिंग करावं लागेल. तू चालायचं, कॅमेरा तुझ्याबरोबर फिरणार. तू स्पष्ट होशील. मागे जे असेल ते आडवं ओढलं जाईल."

"मग मैदानात काढू. मागे काही नकोच."

"मागे काही नसेल तर रेषा कशाच्या येणार?"

"भिंत घ्या."

"भिंतीत जीव नसतो. मंडळात हसतील मला. मागे कोणीतरी हवं."

आई दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मी उभी राहते, दादा."

"नको," मी म्हणालो.

"गप. माझं तोंड कोण तपासतंय? हॉल तिकीट तुझं आहे." तिने सूप बाजूला ठेवलं आणि अंगणाच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पान उलटलं.

खैरमोडे मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी मान तिरकी केली. "वहिनींच्या साडीला रुंद काठ आहेत. रेषा छान येतील."

मी आणखी एकदा नको म्हणायला हवं होतं. मी चाललो.

फोटो उत्तम आला. मी स्पष्ट झालो. आई डावीकडून उजवीकडे ओढली गेली. आता ती स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत असते. चहाचा कप एका टोकाला येतो, हाक दुसऱ्या टोकाकडून. भांडी लावताना अडचण होते, पण बाकी काम होतं. काकांना पुन्हा बक्षीस मिळालं.

क्लार्कने मला एका नजरेत आत सोडलं. उत्तरपत्रिकेवर नंबर लिहिला, उठलो आणि घरी आलो. परत गेलो नाही. काका म्हणाले, "आजकालच्या पोरांत चिकाटी नाही."

आईला पूर्ववत करायचं तर तिच्यामागे कोणीतरी उभं राहायला हवं. मी काकांना विचारलं. बाबांना विचारलं. मी स्वतः राहतो म्हणालो, तर आईने ऐकलं नाही.

तिचा चेहरा आता एकाच ठिकाणी आहे, सभागृहाच्या भिंतीवर, मागच्या पायरीवर. सभागृह रविवारी उघडतं, सभासदांसाठी.

मी अर्ज केला. खैरमोडेंनी सही केली. दर रविवारी मी त्या अकरा जणांत बारावा, हात मागे बांधून उभा असतो.